डाव्या हाताचा दिवस

फोन वाजला तेव्हा बाई नव्या वर्षाचे संकल्प लिहायला बसल्या होत्या आणि पहिल्याच ओळीवर त्यांना थकवा आला होता. हाताला नव्हे. हात अजून शाबूत होता, अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं ठसठशीत उमटत होतं. थकवा त्या ओळीचाच होता, कारण तीच ओळ गेल्या वर्षी लिहिली होती, त्याच्या आदल्या वर्षीही लिहिली होती: खापरपणजोबा या शहरात नेमके कुठून आले ते शोधणे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर जानेवारीत बाई असा एक कागद करत. डावीकडे समास सोडायचा, वर मधोमध वर्ष घालायचं, त्याखाली रेघ मारायची आणि घराण्याच्या इतिहासातलं यंदा काय काय शोधायचं ते क्रमानं लिहायचं. क्रम ठरलेला होता. सगळ्यांत जुना माणूस सगळ्यांत वर. खापरपणजोबा, मग त्यांचे भाऊ, त्यांतला एक परागंदा झालेला, मग पणजोबा ज्या गिरणीत होते ती गिरणी, मग आजोबांचं पहिलं घर कोणत्या गल्लीत होतं ते. असं उतरत उतरत कागदाच्या तळाशी आलं की जेमतेम एका ओळीची जागा उरे, आणि तिथं बाई बारीक अक्षरात लिहीत: मावशीशी सविस्तर बोलणे. डिसेंबर आला की ती ओळ तशीच राहिलेली असे. पुढच्या वर्षीच्या कागदावर ती पुन्हा मुकाट्यानं तळाशी जाऊन बसे, शेवटच्या बाकावरच्या अबोल मुलीसारखी, जिच्यापर्यंत प्रश्न पोचायच्या आत तास संपतो.

बाईंनी इतिहास असाच शिकवला होता. जून महिन्यात पुस्तक उघडायचं ते दगडाच्या हत्यारांपासून. मुलांना हत्यारं आवडत, गुहा आवडत, म्हणून तिथं जरा रेंगाळायचं. मग राजे, मग लढाया, मग तह. परीक्षा जवळ आली की पुस्तकाच्या शेवटी तीन-चार धडे उरलेले असत, नेमके अलीकडच्या काळाचे, ज्या काळात मुलांचे आजी-आजोबा जगले होते. "हे घरी वाचा," बाई सांगत. घरी कुणी वाचत नसे. एका मुलीनं एकदा विचारलं होतं, "बाई, आपण शेवटून का नाही सुरू करत? मला तेच आधी माहीत करून घ्यायचंय." बाईंनी तिला समजावून सांगितलं होतं की पाया घातल्याशिवाय भिंत उभी राहत नाही. उत्तर बरोबरच होतं. मुलगी खाली बसली होती. बाईंच्या यजमानांना ते बरोबर वाटलं नसतं. ते होते तोवर या कागदाची थट्टा करायचे. "जिवंत नवरा चहाची वाट बघतोय आणि बाईसाहेब मेलेल्यांच्या सरबराईत," असं म्हणत ते दारात उभे राहायचे. ते गेल्यानंतरच्या जानेवारीत बाईंनी वंशवृक्षात त्यांच्या नावापुढे तारीख घातली, उठून चहा केला आणि दोन कपांत ओतला.

"आई, कामात आहेस?" फोनवर मुलगी होती.

"कसलं काम. कागद रंगवतेय. तू कुठून बोलतेस? मागं गलका कसला?"

"दवाखान्यातून." मुलगी म्हणाली. "घाबरू नकोस. आधी ऐक. तुझी आई कशानं गेली?"

बाईंना प्रश्न कळला, पण तो आपल्याला विचारला आहे हे कळायला वेळ लागला. इतकी वर्षं प्रश्न विचारण्याचं काम त्यांचं होतं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पाण्याची टाकी घासत होतं, आणि ब्रशचा तो खरखर आवाज तेवढा फार जवळून येत होता.

"म्हणजे?"

"म्हणजे आजार कोणता होता तिला? आणि तिच्या आईला? इथं डॉक्टर विचारताहेत. मी त्यांना म्हटलं, माझ्या आईला घराण्याच्या सात पिढ्या पाठ आहेत, फोन लावते."

"तू दवाखान्यात कशाला गेलीस?"

"गाठ आहे एक. छातीत. तुकडा काढून तपासायला दिलाय, निकाल यायचाय."

"आणि मला आज सांगतेस?"

"उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला, म्हटलं." मुलीचा आवाज नेहमीसारखाच होता, ऑफिसातून निघायला उशीर होईल हे सांगतानाचा. "आई, ऐक ना. आईकडच्या बायकांना हे झालेलं असेल तर तपासण्या वेगळ्या आणि पुढचे उपचारही वेगळे, असं म्हणतात. म्हणून विचारतेय. परवा त्यांना सांगायचंय. ठरवाठरवी त्यावर आहे."

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

"बघून? कुठं बघून?"

 फोन ठेवल्यावरही त्या त्याच्याकडे बघत बसल्या, शाळेत एखादं पोर चुकीचं उत्तर देऊन फळ्याकडे बघत उभं राहतं तशा.

मग त्यांनी खरोखरच बघितलं. कपाटातल्या फायली काढून टेबलावर मांडल्या. वडिलांकडच्यांची जाड फाइल, आजोबांच्या भावांची वेगळी, परागंदा झालेल्याची सुद्धा एक, तिच्यात बहुतेक तर्कच. पुरुष एकाखाली एक असे उतरत आले होते की जणू जिन्यानं खाली येताहेत. त्यांच्या बायका कंसात होत्या. आई कंसात होती. आजीचं तर माहेर कुठलं एवढंच होतं, पुढे प्रश्नचिन्ह. आईच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल बाईंनीच पूर्वी रांगेत उभं राहून मिळवली होती आणि मिळाली तेव्हा त्यांना काम फत्ते झाल्यासारखं वाटलं होतं. मृत्यूचं कारण: अशक्तपणा. तेव्हा तो शब्द वाचून त्यांनी दाखला फाइलला लावला होता. इतिहासाच्या शिक्षिकेनं. कागद म्हणतो तर असेल. वर्गात एखाद्या मुलानं 'राजा अशक्तपणानं मेला' असं लिहिलं असतं तर त्याच्या वहीत त्यांनी लाल शाईनं विचारलं असतं, कशामुळे?

अशक्तपणा हा सरकारी शब्द. घरात वेगळा शब्द होता. आई दमली होती. मावशीनं तेच सांगितलं, वडिलांनी तेच सांगितलं, शेजारणी हलक्या आवाजात तेच म्हणत होत्या, दमली हो बिचारी. आजीबद्दलही तेच ऐकलेलं, फार दमली होती शेवटी. लहानपणी बाईंना वाटे की बायका वापरून वापरून संपतात, साबणाच्या वडीसारख्या, आणि शेवटी एक पातळ चकती उरते ती एके दिवशी हातातून निसटते. त्यात भिण्यासारखं काही वाटत नसे. स्वतः बाईही अलीकडे दमत होत्या, जिना चढताना, कागद आखताना, आणि दमल्या की त्यांना आईच्या जवळ गेल्यासारखं वाटे. एवढाच काय तो आईचा वारसा, असं त्या एकदा मुलीला हसत म्हणाल्या होत्या.

पण नाही, एवढाच नव्हता. एक खेळ होता. फायली तशाच उघड्या टाकून बाई खुर्चीत मागं रेलल्या, आणि तो खेळ, ज्याला कुठल्याच फाइलीत जागा नव्हती, आपोआप पुढं आला. आई सकाळी अंथरुणातूनच जाहीर करायची, "आज डाव्या हाताचा दिवस." मग त्या दिवशी सगळं डाव्या हातानं. दात घासायचे डाव्या हातानं, केस विंचरायचे, चमचा धरायचा, कडी काढायची, सदऱ्याची बटणं लावायची. बटणं सगळ्यांत अवघड. काजं कुठल्या कुठं जात आणि दोघी आरशासमोर उभ्या राहून हसत. जी चुकून उजवा हात वापरेल ती हरली, आणि हरलेलीनं दंड भरायचा. दंड म्हणजे जिंकणारीचं एक काम करायचं. बाई सारख्या हरत. सकाळी दूधवाल्याला दार उघडतानाच हरत. मग दंड म्हणून खालच्या नळावरून बादली आण, कपडे पिळ, वरच्या फळीवरचा डबा काढ. आई कधीच हरायची नाही. तिचा उजवा हात तिच्या पोटाशी शहाण्या मुलासारखा बसलेला असे. सुरुवातीला डावा दिवस कधीतरी असायचा, मग आठवड्यातून एकदा, मग बहुतेक रोज, आणि तेव्हा बाईंना वाटलं होतं की आपल्यासारखी चैन कुणाचीच नाही, कुणाची आई रोज खेळते? फक्त एकदा आई हरली होती. संध्याकाळ होती, घरात अजून दिवा लावलेला नव्हता, बाई जमिनीवर पालथ्या पडून चित्र रंगवत होत्या, आणि आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. जड, गरम हात. बाईंनी वळून बघितलं तर उजवा. "हरलीस, हरलीस!" असा घरभर नाच केला होता त्यांनी, आणि कितीतरी दिवसांचा हिशेब चुकता करावा तसा दंड सांगितला होता. सगळ्यांत मोठा. खालच्या नळावरून बादली, काठोकाठ. आई हसली होती. "उद्या आणते हं," म्हणाली होती. तो दंड राहिला. दुसऱ्या दिवशी बाईंना मावशीकडे पाठवलं, आणि त्यानंतरचं बाईंना सलग आठवत नाही, तुकडे आठवतात, मावशीच्या घरातला ओल्या कपड्यांवर इस्त्री फिरवल्याचा वास, वडिलांचे दारातले बूट.

तो खेळ बाईंनी जपला होता. मुलगी लहान असताना तिच्याशी खेळल्या. आणि शाळेत दर वर्षी, जानेवारीतल्या पहिल्या दिवशी, वर्गावर गेल्या गेल्या त्या फळ्यावर डाव्या हातानं तारीख लिहीत. वाकडीतिकडी तारीख बघून मुलं खिदळत. "आज डाव्या हाताचा तास," बाई सांगत, "सगळ्यांनी लिहा. आज ज्याचं अक्षर सुंदर, तो लबाड." हुशार मुलांची फजिती होई, संथ मुलांना पहिल्यांदाच बरोबरीनं चालायला मिळे, आणि बाईंना वाटे की वर्षभरात आपण एवढा एकच धडा नीट शिकवतो. अशाच एका तासाला पुढच्या बाकावरचा एक किरकोळ मुलगा जीभ दातांत धरून लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "बाई, ज्यांचा उजवा हात चालतच नाही, त्यांचा रोजच डावा दिवस ना?" बाई म्हणाल्या होत्या, "शाबास." म्हणाल्या होत्या, "असा विचार करायला शिका." आणि पुढच्या बाकाकडे वळल्या होत्या. आता टेबलावरच्या फायलींकडे बघताना त्यांना त्या मुलाचा चेहरा आठवला, शाईनं माखलेली हनुवटी आठवली, आणि जिना चढताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तशा त्या दचकल्या. पण त्या दचकण्याचा नीट विचार करायचं त्यांनी टाळलं. दमल्या होत्या. त्यांनी वृद्धाश्रमात फोन लावून मावशीची चौकशी केली. "सकाळी या," परिचारिका म्हणाली, "सकाळी त्या ताज्या असतात. दुपारी विचाराल तर त्या स्वतःचं नावसुद्धा झोपेतच सांगतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये बाईंना खिडकीजवळची जागा मिळाली. सवयीनं फायलींची पिशवी बरोबर घेतली होती आणि ती मांडीवर जड लागत होती. काचेबाहेर दुकानं उघडत होती, एक माणूस नव्या वर्षाची कॅलेंडरं दोरीला टांगत होता, सगळी एकाच पानावर उघडी. बाईंना वाटलं, मावशीकडे आपण कितीदा तरी गेलो. जातच होतो. फळं घेऊन, बिस्किटं घेऊन, ही पिशवी घेऊन. मग तळाची ओळ दर वर्षी राहायची कशी? काय बोलायचो आपण तिच्याशी? बस वळणावर कलली आणि पिशवी घसरली. ती सावरायला त्यांनी हात पुढं केला, उजवा, आणि त्या हाताकडे बघत राहिल्या.

मावशी पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. आईची धाकटी बहीण. सगळा जन्म एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करण्यात गेला, लग्न केलं नाही, बाईंना वाढवलं, आणि थकल्यावर कुणाला न विचारता स्वतःच इथं येऊन दाखल झाली. मनगटं अजून पुरुषासारखी होती. समोर काहीही कापड आलं की तिचा तळवा त्यावरून आपोआप फिरे, सुरकुती मोडत.

"आलीस, भिंगरी? आज कुणाला उकरायचंय?"

"कुणालाही नाही, मावशी."

"पिशवी आणलीयस म्हणजे कुणीतरी मेलेला आहेच आत. बस. पाणी पी आधी. तोंड बघ कसं झालंय, फडक्यासारखं."

बाई बसल्या. पाणी प्यायल्या. पिशवी पलंगाखाली सरकवली. शेजारच्या पलंगावरच्या आजी भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. खोलीला फिनेलचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास होता. बाईंनी वर्गात कधीच असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं.

"मावशी, आई कशानं गेली?"

मावशीचा तळवा चादरीवरून फिरला. "दमली होती."

"ते मला माहीत आहे. कशानं दमली होती?"

"इतकी वर्षं नाही विचारलंस. आज काय झालं?"

"मुलीला गाठ आहे. छातीत."

तळवा थांबला. चादरीच्या मधोमध, इस्त्री तशीच विसरावी तसा.

"कुठल्या बाजूला?"

"मी विचारलं नाही."

"विचार. तुझ्या आईची उजवीकडे होती."

कुणीतरी व्हरांड्यातून ट्रॉली ढकलत नेत होतं. तिचं एक चाक अडखळत होतं. बाई तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिल्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचंच आश्चर्य वाटलं.

"उजवीकडचं सगळं काढून टाकलं होतं तिचं," मावशी म्हणाली. "तू माझ्याकडे राहायला होतीस बघ, पहिल्यांदा. तुला वाटलं सुट्टी लागली. मग पुढे हात सुजायला लागला. वरच जाईना. शेवटी शेवटी उशीसारखा झाला होता. मी म्हटलं, पोरीला सांग, मोठी आहे, कळेल तिला. तर म्हणाली, नको. मी एक खेळ काढलाय."

"दंड पण तिनंच काढला?"

"तिनंच. बादली आण म्हणून सांगायची लाज वाटायची तिला. एवढीशी पोर तू. दंड म्हटलं की आपणहून पळायचीस."

"मला वाटायचं, मला खेळताच येत नाही."

"येत नव्हतंच. दहा वेळा सांगितलं तरी उजवा हात पुढं. तुझी आई म्हणायची, ही जन्मात जिंकायची नाही, बरं आहे." मावशी हसली, आणि हसताना तिला खोकला आला, आणि बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ कडक होती, लाकडी फळीसारखी.

"आणि आजी?"

"तिलाही तेच. तिच्या वेळी कापाकापी नव्हती. झाकून बसायची. आजीची बहीणही त्यातच गेली म्हणतात, मी बघितली नाही."

"मग सगळे दमली, दमली का म्हणायचे?"

"दुसरं काय म्हणणार? दुखण्याचं नाव घेतलं की लोक मागे राहिलेल्या मुलींकडे बघायला लागतात. माझ्याकडे बघितलं असतं, तुझ्याकडे बघितलं असतं. दमायला कुणाची ना नव्हती. आणि खोटं कुठं होतं ते? दमलेल्या तर होत्याच."

"तू मला का नाही सांगितलंस, मावशी?" बाईंचा आवाज चढला नाही. वर्गातही चढत नसे. "मला मुलगी झाली, तेव्हा तरी."

"तिनं सांगू नको म्हटलेलं होतं. आणि तू तरी कधी विचारलंस?" मावशीनं आता पहिल्यांदा सरळ बाईंकडे बघितलं. "दर वर्षी यायचीस. मावशी, पणजोबांची गिरणी कुठली. मावशी, त्यांचा भाऊ कुठं पळाला. मला काय माहीत मेल्या गिरणीचं? तरी मी बसायचे ऐकत. म्हणायचे, आज येईल विचारत विचारत खाली. तू सुरुवात करायचीस त्या खापरपणज्यापासून. आजोबांपर्यंत पोचलीस की माझा डोळा लागायचा."

बाईंनी मान खाली घातली. पलंगाखालून पिशवीचा एक कान बाहेर आला होता. तो त्यांनी पायानं आत सारला.

"मी कशी सुटले कोण जाणे," मावशी डोळे मिटत म्हणाली. "इस्त्रीच्या वाफेनं मेलं असेल सगळं." मग थोड्या वेळानं, झोपेच्या काठावरून, "पोरीला सांग. खेळबीळ काढत बसू नकोस."

बाई लगेच उठल्या नाहीत. मावशीचा हात चादरीवर उपडा पडला होता तो त्यांनी हातात घेतला. उबदार होता, कोरडा होता, आणि दोन्ही हात सारखे होते हे त्यांनी तपासून बघितलं, आणि तपासताना त्यांना स्वतःचीच थोडी भीती वाटली. आता असंच होणार. हात दिसला की आधी तो बघितला जाणार. परतताना बसमध्ये उभं राहावं लागलं. कांब धरायला त्यांनी उजवा हात वर केला, पूर्ण वर, कोपर ताठ करून, आणि उतरेपर्यंत खाली घेतला नाही. खांद्याला रग लागली. रग बरी वाटली. बादली उचलल्यावर लागायची तशीच ती होती, बोटांत कडीचा वळ उमटायचा, जिन्यावर पाणी हिंदकळून पायांवर यायचं, वर पोचल्यावर आई दारात उभी असायची आणि म्हणायची, "सांडलीस ना अर्धी?" आणि तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते बाईंना तेव्हा जिंकण्याचा आनंद वाटायचं. आता तो चेहरा त्यांनी पुष्कळ वेळ बघितला. तो आनंद नव्हता असंही म्हणता येईना.

घरी आल्यावर कालचा कागद टेबलावर तसाच होता, खापरपणजोबांच्या ओळीवर पेन आडवं. बाईंनी तो फाडला नाही. फाडण्यासारखा राग त्यांच्यात उरला नव्हता, आणि खापरपणजोबांचा त्यात दोषही नव्हता. त्यांनी तो फाइलीत ठेवला आणि दुसरा कोरा घेतला. समास सोडला, वर वर्ष घातलं. मग सगळ्यांत वर लिहिलं: मुलीबरोबर दवाखान्यात जाणे. खाली लिहिलं: स्वतःची तपासणी. त्याखाली: मावशीकडे, सकाळच्या वेळी, पिशवी न घेता. एवढ्यावर कागद थांबला. खाली बरीच जागा उरली, आणि शेवटचे धडे आधी घेतले तर वर्गाला पुस्तक संपवायची घाई राहत नाही, हे इतक्या उशिरा कळून काय उपयोग, असं त्यांच्या मनात आलं. मग आलं, उपयोग आहे. दवाखाना उद्या आहे.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून परस्पर आली. तिनं बूट काढले, पर्स खुर्चीला अडकवली, चहा मीच करते म्हणाली. बाई म्हणाल्या, आधी बस. आणि तिला सगळं सांगितलं, क्रमानं नव्हे, जसं आठवेल तसं, उशीसारखा हात आधी, मग आजी, मग आजीची बहीण, मग दमली हा शब्द. मुलगी ऐकताना टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. खेळाचं सांगितलं तेव्हा तो थांबला.

"म्हणजे आपण खेळायचो तो?"

"तोच."

"मी तर माझ्या ऑफिसात शिकवलाय तो लोकांना. नव्या वर्षाची गंमत म्हणून." ती हसली, पण हसू पुरं झालं नाही. "आई, तुला माहीतच नव्हतं?"

"नव्हतं. एकानं सांगितलं होतं वर्गात. मी त्याला शाबास म्हटलं."

मुलीला ते कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. समोरचा कागद तिनं स्वतःकडे वळवला. तिन्ही ओळी वाचायला तिला जरुरीपेक्षा जास्त वेळ लागला. "आणि खापरपणजोबा?"

"थांबतील. त्यांना सवय आहे."

"तुझीही तपासणी करावी लागेल म्हणाल्याच होत्या डॉक्टर. मी तुला सांगणार नव्हते इतक्यात."

"सांगायचं. सगळं सांगायचं."

"बरं."

"कुठल्या बाजूला आहे?"

मुलीनं उत्तर द्यायच्या आधी तिचा हात वर आला आणि तिथं टेकला, जेमतेम, पाखरू बसावं तसा. उजवीकडे.

"दुखतं?"

"छे."

मग दोघींनी चहा घेतला. नेहमीसारखं ऑफिसचं बोलल्या नाहीत. मावशीच्या इस्त्रीच्या वाफेवर मुलगी हसली, या वेळी पुरतं. उद्या किती वाजता निघायचं ते ठरलं. बाहेर गार सुटलं होतं, म्हणून निघताना बाईंनी तिला स्वतःचा लोकरी स्वेटर दिला. दारात उभं राहून मुलगी तो घालू लागली. डावी बाही आधी गेली. उजवी बाही घालताना तिनं खांदा वर न नेता, अंग थोडं वाकवून, हात खालूनच आत सरकवला. मग बटणं. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि बघत होत्या. कधी काळी आरशासमोर त्यांनी जे बघायला हवं होतं ते आता नीट, शिक्षिकेच्या सावकाशीनं, एक बटण सोडून न देता बघत होत्या. मुलीची बोटं तिसऱ्या बटणावर थांबली. तिनं मान वर केली नाही.

"थोडं दुखतं," ती म्हणाली.

बाई पुढं झाल्या आणि उरलेली बटणं त्यांनी लावून दिली.